विश्लेषण : ओव्हर संपली की तो टीव्हीसमोर का येतो? ऑटिझम आणि जाहिरातींचं वेड

क्रिकेटची मॅच सुरू असताना ओव्हर संपली की घरातली माणसं उठतात. कुणी पाणी प्यायला जातं, कुणी मोबाइल काढतं. डोंबिवलीत माझ्या मावशीकडे नेमकं उलटं होतं. ओव्हर संपली की माझा मावसभाऊ आतल्या खोलीतून बाहेर येतो, टीव्हीपासून तीन फुटांवर ठरलेल्या फरशीवर उभा राहतो आणि जाहिराती बघतो. गोलंदाज धावायला लागला की पुन्हा आत. मॅच हा त्याच्या दृष्टीने मधला व्यत्यय आहे.

तो २३ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. मावशीने सांगितल्यामुळे इथे त्याचं नाव दिलेलं नाही. नावाचा हा विषय शेवटी परत येईल. आधी, पाहुण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे मावशीला विचारतात तो प्रश्न : "हे काय वेड लागलंय याला?"

‘स्वमग्न’ म्हणजे कशात मग्न?

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळला आहे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, त्यावरून केलेलं हे भाषांतर. शब्द म्हणून त्यात चूक काढता येणार नाही, पण टीव्हीसमोर उभ्या असलेल्या माझ्या भावाकडे बघताना तो मला पटत नाही. तो स्वतःत मग्न नसतो. समोरच्या ३० सेकंदांत तो इतका बुडालेला असतो की दारावरची बेल, कुकरची शिट्टी, मावशीची हाक यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

ऑटिझम हा आजार नाही. तो मेंदूच्या जडणघडणीतला, जन्मापासून असलेला वेगळेपणा आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानपुस्तिकेत ऑटिझमची लक्षणं दोन गटांत मांडली आहेत. पहिला गट सामाजिक संवादातल्या अडचणींचा. दुसऱ्यात एकाच प्रकारच्या हालचाली किंवा शब्दांची पुनरावृत्ती, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, आवाज-प्रकाश-स्पर्शाची जास्त किंवा कमी जाणीव आणि मोजक्या विषयांतली अतितीव्र आवड या गोष्टी येतात. म्हणजे शेजारचे काका रोज सकाळी उठून शेअर बाजाराचे आकडे पाठ म्हणतात तो छंद, आणि माझा भाऊ जाहिराती पाठ म्हणतो ते लक्षण. फाइलमध्ये तरी तसंच लिहिलेलं असतं.

या आवडीकडे वेगळ्या नजरेने बघणारी एक मांडणी २००५ मध्ये डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर या तिघांनी ‘ऑटिझम’ या नियतकालिकात केली. तिचं नाव ‘मोनोट्रॉपिझम’. यातल्या मरे आणि लॉसन स्वतः ऑटिस्टिक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाकडे लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते. बहुतेक लोक ती एकाच वेळी अनेक गोष्टींत थोडी थोडी वाटतात. ऑटिस्टिक व्यक्तीचं लक्ष मात्र एका वेळी एका किंवा फार थोड्या गोष्टींकडे सगळंच्या सगळं वाहतं. मी इंजिनीअरिंग केलं आणि बातम्यांत आले, त्यामुळे तिथे शिकलेलं कुठे तरी कामाला यावं म्हणून सांगते : आपल्या डोक्यात वीस टॅब उघडे असतात आणि सगळेच रेंगाळत चालतात. त्याच्या डोक्यात एकच टॅब उघडा असतो, पण तो पूर्ण वेगाने चालतो. म्हणूनच त्याला मध्येच हाक मारली की तो दचकतो, चिडतो. तो हट्ट नसतो, चालू गाडीला लागलेला ब्रेक असतो.

मग जाहिरातच का?

ऑटिझम म्हटलं की रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे, डायनोसॉर, लिफ्ट ही उदाहरणं ऐकायला मिळतात. जाहिरातींचं नाव कमी ऐकू येतं. पण थोडा विचार केला तर जाहिरातीइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही.

मालिका कधी संपत नाही. सिनेमा तीन तास चालतो आणि त्यात कोण कुणावर का रागावलंय ते लक्षात ठेवावं लागतं. जाहिरात ३० सेकंदांत सुरू होते, रंगते आणि संपते. शेवटी उत्पादनाचं नाव येणार हे ठरलेलं. काल जशी होती तशीच आजही, फ्रेमही इकडची तिकडे नाही. माणसं रोज वेगळ्या मूडमध्ये भेटतात, जाहिरातीतली आई मात्र रोज त्याच क्षणी हसते. भाव ठळक असतात, कारण ३० सेकंदांत ते सगळ्यांना कळायला हवेत. सोबत संगीत असतं. आणि ती पुन्हा पुन्हा लागते. आपल्याला ज्याचा वैताग येतो तीच पुनरावृत्ती त्याच्यासाठी भरवशाची असते.

भारतात टीव्हीवर जाहिराती येऊन अर्धशतक होत आलं. दूरदर्शनने १९७६ मध्ये त्या दाखवायला सुरुवात केली. केबल टेलिव्हिजनच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. त्यातली १० मिनिटं व्यावसायिक जाहिरातींची आणि दोन वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. ३० सेकंदांचा हिशेब धरला तर तासाला २० जाहिराती. हा हिशेब मी केलेला नाही, भावाने केलेला आहे. एखादी वाहिनी १२ मिनिटांच्या पुढे गेली की तो मिनिटं मोजून सांगतो. त्यावर कुणी काही करत नाही, हे मात्र त्याला अजून नीट कळलेलं नाही.

सगळ्याच जाहिराती सारख्याच आवडतात का?

अजिबात नाही. आणि माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

त्याच्याकडे नऊ लाँगबुक आहेत. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने : जाहिरातीचं नाव, सेकंद, कुणी केली, कुठे पाहिली आणि मार्क. जाहिरातींचे त्याने दोन वर्ग केले आहेत. ‘सांगितली’ आणि ‘दाखवली’. एखादा नट हातात डबा धरून हा डबा चांगला आहे असं म्हणाला की ती ‘सांगितली’. तिला दहापैकी फार तर तीन. ‘दाखवली’ म्हणजे ज्यात कुणीच काही सांगत नाही आणि तरी आपल्याला कळतं.

दहापैकी दहा मिळवणाऱ्या जाहिराती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फेव्हिकॉलची बस त्यातली एक. वाळवंटातल्या खडबडीत रस्त्यावरून एक बस जाते आहे. आत, टपावर, बाजूंना, मागे, जिथे जागा मिळेल तिथे माणसं लटकली आहेत. गाडी गचके खाते, पण कुणीही पडत नाही. बस पुढे निघून जाते आणि तिच्या मागच्या बाजूला फेव्हिकॉलची जाहिरात रंगवलेली दिसते. संपलं. दिग्दर्शक प्रसून पांडे, एजन्सी ओगिल्व्ही. २००२ मध्ये कान महोत्सवात या जाहिरातीला ‘सिल्व्हर लायन’ मिळाला. फेव्हिकॉलचीच दुसरी जाहिरात : ढाब्यावरचा आचारी अंडं फोडायला जातो आणि ते काही केल्या फुटत नाही, कारण बाहेर कोंबडी फेव्हिकॉलच्या डब्यातून दाणे टिपते आहे.

या दोन्ही जाहिरातींत मधला दुवा प्रेक्षकाने जोडायचा असतो. ऑटिस्टिक व्यक्तींना गर्भितार्थ कळत नाही, विनोद समजत नाही, सगळं शब्दशः घेतात, असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या भावालाही ‘डोळ्यात तेल घालून बघ’ म्हटलं तर तो तेलाकडे बघतो. पण कोंबडी आणि न फुटणारं अंडं यांतला संबंध त्याने घरात सगळ्यांच्या आधी ओळखला होता. मला वाटतं, अडचण गर्भितार्थाची नसावी. माणसं बोलताना अर्थ लपवतात आणि वाक्य एकदाच म्हणतात. जाहिरात अर्थ लपवते, पण तो शोधायला शंभर संधी देते.

झूझूंचं प्रकरणही असंच. २००९ च्या आयपीएलमध्ये व्होडाफोनने पांढऱ्या, टकल्या, मोठ्या डोक्याच्या या प्राण्यांच्या सुमारे ३० जाहिराती आणल्या. स्पर्धा त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत होती आणि जाहिरातींचं चित्रीकरणही तिथेच, केपटाउनला झालं. प्रकाश वर्मा यांच्या निर्वाणा फिल्म्सने त्या केल्या. घरोघरी लोक त्यांना ॲनिमेशन समजत होते. प्रत्यक्षात ती पोशाख घातलेली माणसं होती. माझा भाऊ तेव्हा सात वर्षांचा. तो सगळ्यांना सांगत होता, "आत माणूस आहे." कुणी मनावर घेतलं नाही. पुढे खरी गोष्ट छापून आल्यावर मी त्याला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "कार्टूनला वजन नसतं. यांचा पाय टेकला की वजन पडतं."

परदेशातल्या जाहिरातींना त्याच्याकडे वेगळी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर होंडाची २००३ ची ‘कॉग’. गाडीचे सुटे भाग जमिनीवर मांडलेले, एक चाक घरंगळून दुसऱ्या भागाला धक्का देतं, तो तिसऱ्याला, असं दोन मिनिटं चालतं आणि शेवटी अख्खी गाडी पुढे सरकते. अंत्वान बार्दू-जाके यांनी ही फिल्म केली. जवळपास सगळं खरोखर घडवून चित्रित केलेलं, त्यासाठी ६०६ टेक घेतल्याचं सांगितलं जातं. फिल्म दोन भागांत घेऊन मध्ये जोडली आहे. तो जोड नेमका कुठे आहे हे भावाने मला बोट ठेवून दाखवलं. मी इंजिनीअर असूनही मला तो दिसला नव्हता. अजूनही खात्रीने दिसतो असं म्हणणार नाही.

‘कुणी केली’ हा रकाना कशासाठी?

सिनेमाच्या शेवटी नावं येतात, मालिकेच्याही येतात. टीव्हीवरच्या जाहिरातीला नावं नसतात. लिहिणारा, दिग्दर्शक, कॅमेरामन, गाणारा, कुणाचंच नाव कधी पडद्यावर येत नाही. ललिताजींची भूमिका कविता चौधरी यांनी केली आणि ती मोहीम ॲलेक पदमसी यांच्या लिंटासची होती, हे माहीत असणारे कमी. लिरिलच्या धबधब्याखाली न्हाणारी मुलगी कॅरन ल्युनेल होती, हे आता किती जणांना आठवतं? भावाला हे फार खटकतं. लहानपणी तो जाहिरात संपली की "नाव? नाव?" असं विचारत बसायचा आणि घरच्यांना वाटायचं, तो साबणाचं नाव विचारतोय. मावशी "लक्स, लक्स" असं उत्तर द्यायची. तो डोकं आपटायचा.

वाचायला यायला लागल्यावर त्याने नावं शोधायला सुरुवात केली. आधी वर्तमानपत्रं, मग इंटरनेट. नाव सापडेपर्यंत तो रकाना पेन्सिलने लिहितो. दोन ठिकाणी पडताळलं की पेनाने गिरवतो. आमच्या डेस्कवर बातमी याच पद्धतीने पडताळायची असते. असते, एवढंच म्हणते.

पाठ केलेली वाक्यं म्हणजे नुसती पोपटपंची?

ऑटिस्टिक मुलं ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतात. कधी लगेच, कधी महिन्यांनी. याला ‘इकोलेलिया’ म्हणतात. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधातही त्याची नोंद आहे. बराच काळ हे निरर्थक मानलं गेलं आणि ते बंद पाडण्याकडे उपचारांचा कल राहिला. १९८० च्या दशकात अमेरिकेतले भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांनी दाखवून दिलं की या पुनरुक्तीला बरेचदा हेतू असतो. मूल मागणी करतं, नकार देतं, संभाषणातली आपली पाळी घेतं, स्वतःला शांत करतं, फक्त शब्द उसने असतात.

आमच्याकडे हे कळायला वेळ लागला. तो सहा वर्षांचा असताना एका केंद्रात मावशीला सांगण्यात आलं की टीव्ही पूर्ण बंद करा, तो जाहिरातींमुळेच नीट बोलत नाही. लहान मुलांना स्क्रीन कमी दाखवावा हा सल्ला मुळात चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची कमाल मर्यादा सुचवली आहे. पण टीव्हीमुळे ऑटिझम होतो असा त्याचा अर्थ नाही. समाजमाध्यमांवर फिरणारा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द कोणत्याही अधिकृत निदानपुस्तिकेत नाही.

मावशीने टीव्हीवर चादर टाकली. ती चादर चार-पाच महिने राहिली. मावशीला आठवतं त्याप्रमाणे त्या महिन्यांत त्याचं जाहिरातींचं बोलणं थांबलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. मग एका संध्याकाळी स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याला ठेच लागून मावशी खाली बसली. तो धावत आला आणि उंबऱ्याला बुक्के मारायला लागला. मारून झाल्यावर तिच्याकडे वळून हिंदीत म्हणाला, याने सॉरी म्हटलंय. सर्फ एक्सेलची २००५ ची जाहिरात ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. शाळेतून येताना बहीण चिखलात पडते आणि छोटा भाऊ त्या चिखलाला मारून मारून माफी मागायला लावतो. ‘दाग अच्छे हैं’ या मोहिमेतली ती जाहिरात.

त्याच रात्री काकांनी चादर काढली.

दुसरा किस्सा तो दहा वर्षांचा असतानाचा, आणि यात आम्ही सगळे हास्यास्पद ठरलो. तेव्हा काका त्याला कॉम्प्युटरवर जुन्या जाहिराती लावून द्यायचे. लग्नाच्या हॉलमध्ये, हॉस्पिटलच्या रांगेत, गर्दीच्या फलाटावर तो मोठ्याने "जलेबी, जलेबी" म्हणायला लागला. नातेवाईक कौतुकाने जिलबी आणून द्यायचे. तो ताट ढकलून रडायचा. मुलगा हट्टी आहे, मागतो आणि खात नाही, अशी ख्याती झाली. एकदा काका सहज त्याच्या शेजारी बसले असताना धारा तेलाची १९९६ ची जाहिरात लागली. घर सोडून स्टेशनवर जाऊन बसलेला छोटा मुलगा, त्याला शोधत आलेले रामूकाका, आणि घरी जिलबी केली आहे हे ऐकताच घरी परतायला तयार झालेला तो. म्हणजे ‘जलेबी’चा अर्थ इतके दिवस ‘मला घरी न्या’ असा होता. आमच्याकडे हा शब्द आजही चालतो. कंटाळवाण्या बारशातून निघायचं असेल तर आता मावशीही काकांच्या कानात तेच म्हणते.

असं आणखी कुठे घडलंय?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ओवेन सस्किंडचं. त्याचे वडील रॉन सस्किंड पुलित्झर विजेते पत्रकार. ओवेनचं बोलणं तीन वर्षांच्या आसपास थांबलं आणि पुढे डिस्नेच्या ॲनिमेशनपटांतल्या संवादांच्या वाटेने घरच्यांना त्याच्याशी बोलता आलं. रॉन यांनी २०१४ मध्ये ‘लाइफ, ॲनिमेटेड’ हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या माहितीपटाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. डिस्ने काय आणि डिटर्जंट काय, तत्त्व एकच : मूल जिथे आहे तिथे आधी आपण जायचं. फरक इतकाच की डिस्नेची आवड असलेल्या मुलाबद्दल लोक हळवे होतात. वॉशिंग पावडरच्या जाहिराती म्हणणाऱ्या मुलाला लोकलच्या डब्यात हसतात.

सगळंच गोड आहे का?

नाही. जाहिरातींचा आवाज त्याला सहन होत नाही. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा असू नये असं आपल्याकडच्या केबल नियमांतही म्हटलं आहे. अमेरिकेत यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र कायदा झाला. प्रत्यक्षात ब्रेक लागला की शेजारच्या इमारतीपर्यंत कळतं. तो कानांवर हेडफोन चढवून आवडत्या गोष्टीसमोर उभा राहतो.

मोबाइलवरच्या जाहिरातींशी त्याचं जमत नाही. गोष्ट अर्ध्यावर असताना ‘स्किप’चं बटण येतं, सहा सेकंदांच्या जाहिरातीत तर गोष्टच नसते. शिवाय प्रत्येकाच्या फोनवर वेगळी जाहिरात. त्याने पाहिलेली मी पाहिलेली नसते, मग बोलायचं कशाबद्दल? टीव्हीवर निदान सगळ्या सोसायटीला एकच दिसायची.

तो पाहतो ते सगळं विकत मागत असेल, ही मावशीची जुनी भीती मात्र खोटी ठरली. त्याला वस्तूत रस नाही. घरात कुठला साबण आहे हेही त्याला सांगता येणार नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांच्या जाहिराती त्याच्या वहीत ‘सांगितली’ वर्गात, एक मार्क. गेल्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा त्या टीव्हीवरून गायब झाल्याची नोंद त्याच्या वहीत तारखेसह आहे.

अठराव्या वर्षानंतर काय?

लहान मुलाच्या ऑटिझमबद्दल बरंच लिहिलं जातं. २३ वर्षांच्या दाढी आलेल्या मुलाबद्दल कमी. शाळा सुटते, थेरपी महाग वाटायला लागते, नातेवाइकांचं कौतुक ओसरतं. काका पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

कागदावर काय आहे ते पाहू. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश होता. त्याखाली मूल १८ वर्षांचं झाल्यावर, गरज असेल तर, जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातवरून २१ झाले आणि ऑटिझमला स्वतंत्र स्थान मिळालं. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. खासगी क्षेत्रात सॅपने २०१३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ऑटिस्टिक उमेदवारांच्या भरतीचे स्वतंत्र उपक्रम सुरू केले. तिथे मुलाखतीऐवजी किंवा मुलाखतीआधी प्रत्यक्ष काम करून दाखवण्यावर भर असतो. पण ही कामं मुख्यतः सॉफ्टवेअरची.

माझ्या भावाला येतं तेही एक काम आहे, हे मला बातम्यांत आल्यावर कळलं. कुठल्या वाहिनीवर, किती वाजता, कुठली जाहिरात, किती सेकंदांची लागली याच्या नोंदी ठेवणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. कारण त्यावर जाहिरातदारांचे पैसे आणि प्रतिस्पर्ध्यांवरची नजर अवलंबून असते. आज बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं, आवाजाच्या ठशावरून जाहिरात ओळखतं. पण नवी जाहिरात पहिल्यांदा आली की ती कुणाची, मूळ ३० सेकंदांची की कापून २० ची केलेली, हे माणसाने बघून लिहावं लागतं. हे तो वयाच्या नवव्या वर्षापासून फुकट करतोय.

गेल्या वर्षी अशाच कामासाठी तो मुंबईतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेला. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत तीन वह्या. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? तो म्हणाला, "डोंबिवलीत." मग स्वतःविषयी सांगायला सांगितलं. तो गप्प राहिला, आणि मग खोलीतल्या ट्यूबलाइटच्या आवाजामुळे कान झाकून बसला. वह्या पिशवीतच राहिल्या. काकांनी फोन करून विनंती केली की मुलाखत राहू द्या, त्याला एक तासाचं रेकॉर्डिंग देऊन बघा. प्रक्रिया सगळ्यांना सारखीच असते, असं उत्तर आलं. कायद्यात सरकारी आस्थापनांवर अपंग कर्मचाऱ्याला गरजेनुसार योग्य ते बदल करून देण्याचं बंधन आहे. खासगी आस्थापनांना समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. धोरण त्या कंपनीच्या भिंतीवर होतं, फ्रेममध्ये. काकांनी जाताना वाचलं होतं.

मग २४ ऑक्टोबरला काय झालं?

२४ ऑक्टोबर २०२५ रोजी जाहिरात क्षेत्रातले दिग्गज पीयूष पांडे यांचं मुंबईत निधन झालं. बातमी आली तेव्हा मी डेस्कवर होते. अशा वेळी काय होतं हे वाचकांना माहीत असावं म्हणून सांगते : दहा मिनिटांत मुख्य बातमी, वीस मिनिटांत ‘पांडेंच्या गाजलेल्या दहा जाहिराती’. ही यादी माझ्याकडे आली. कॅडबरीची १९९४ ची क्रिकेटच्या मैदानावर नाचत येणारी मुलगी, फेव्हिकॉल, पल्स पोलिओ... इकडून तिकडून गोळा करत मी यादी भरली. सातव्या क्रमांकावर हॅपीडेंट टाकली. दातांच्या उजेडावर राजवाडा उजळणारी माणसं, झुंबरात आपली जागा घ्यायला सायकलवरून धावपळ करत येणारा तरुण. ज्या पोस्टवरून मी ती उचलली तिथे ‘प्रसून’ हे नाव होतं आणि पीयूष यांचे बंधू प्रसून पांडे, हे मला ठाऊक होतं. जुळलं.

प्रसिद्ध करण्याआधी काय वाटलं कुणास ठाऊक, मी यादी मावशीच्या फोनवर पाठवली. दोन मिनिटांत त्याचा फोन आला. तो सहसा फोन करत नाही. नमस्कार-चमत्कार काही नाही. "सात चूक. प्रसून जोशी. मॅकॅन. डायरेक्टर राम माधवानी. पांडे नाही." आणि फोन ठेवला.

सात काढून तिथे दुसरी जाहिरात टाकली. लिंक त्या दिवशी चांगली चालली. संध्याकाळी मी डोंबिवलीला गेले. टीव्हीवर पांडेंच्याच जाहिराती एकामागोमाग लागत होत्या. सगळ्या ओळखीच्या, सगळ्या पूर्ण लांबीच्या. तो आपल्या फरशीवर उभा होता. इतकी मेजवानी एका दिवशी का, हे मावशीने त्याला सांगितलं होतं की नाही ते मी विचारलं नाही.

ब्रेक संपल्यावर तो माझ्याकडे आला. मावशीच्या फोनवर आमचा लेख उघडा होता. त्याने तो शेवटपर्यंत सरकवला, मग पुन्हा वर नेला.

"माझं नाव कुठे?"

मी सांगितलं की डेस्कवर चुका दुरुस्त करणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत नाही. माझंही नाव त्यावर नव्हतं, ‘ऑनलाइन टीम’ असं होतं. मावशी आतून म्हणाली, "नको गं नाव, लोक काहीबाही विचारतात." तो थोडा वेळ उभा राहिला. "ॲडमध्ये पण नसतं," म्हणाला आणि आत जाऊन दहावं लाँगबुक काढलं. नवं होतं, अजून आखलेलं नव्हतं. पट्टी घेऊन त्याने रकाने आखले, आमच्या लेखाचं शीर्षक आणि तारीख लिहिली. सेकंदांच्या रकान्यात रेघ मारली. मार्क दिले सहा. ‘कुणी केली’ या रकान्यात माझं नाव लिहिलं, त्याखाली ‘सात नंबर’ असं लिहून स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पेन्सिलने नाही, पेनाने.